पांढरी सुटली

बुरुलायवहिनीने लग्न होऊन आमच्या खोऱ्यात आल्यावर पहिल्याच वसंतात गावातल्या जूसुपचा दात पाडला. फावड्याच्या दांड्याने.

ती उताराच्या मध्यावर खड्डा खणून आत गुडघ्यांवर बसली होती. बर्फाच्या उभ्या भिंतीत मूठ रुतवून बघत होती. तेवढ्यात हा गडी मुद्दाम तिच्या डोक्यावरून, उतार आडवा कापत, स्कीवरून सर्रकन गेला आणि वरून ओरडला, "काय गं, बटाटे सापडले का?"

ती खड्ड्यातून बाहेर आली, त्याच्यामागे उतरली, आणि तो गॉगल पुसत उभा होता तिथे जाऊन त्याच्या तोंडावर दांडा हाणला.

गावच्या म्हाताऱ्यांनी तिला बोलावलं. सगळे लोकरीच्या नमद्यावर मांड्या घालून, टोप्या नीट करून बसलेले.

"पोरी, माणसाला असं मारतात का?"

"आणि त्याने मला मारलं असतं ते?"

"त्याने तुला हात तरी लावला का?"

"माझ्या डोक्यावरचा अख्खा उतार त्याच्या पायाखाली होता. हात कशाला लागतो?"

जूसुप सुजलेल्या तोंडाने म्हणाला, "फण उतार फडला नाही ना!"

"दात पडला ना? उताराचं पुढच्या वेळी बघू."

म्हातारे दाढीत हसले. दंड म्हणून अकमतदादाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, मेंढा कापावा लागला. काळीज मऊ लागतं म्हणून ते सगळं जूसुपनेच खाल्लं.

अशी माझी वहिनी. मी झूरा, तिची नणंद. मला दोन भाऊ. धाकटा अकमतदादा बोलायला कमी आणि सोसायला पुढे. थोरला कोच्कोनबायदादा. वडील गेल्यापासून घर त्याच्या हुकमावर चालायचं, आणि त्याचा हुकूम म्हणजे त्याचा हात. घोड्यावरून बोकडाचं मुंडकं छाटलेलं धड एकमेकांच्या हातून हिसकायचा आमच्याकडे खेळ असतो. त्या खेळात दादाचं नाक इतक्यांदा मोडलं होतं की ते नेमकं कुठे बघतंय हे त्यालाही सांगता आलं नसतं. खेळ संपला तरी त्याच्या अंगातला खेळ संपत नसे. घोडा अडला तर घोड्याला, दार अडलं तर दाराला, अकमत अडला तर अकमतला.

अडायची ती फक्त बुरुलायवहिनी, आणि तिला तो मारत नसे. धाकट्या भावाच्या बायकोवर हात टाकला तर खोऱ्यात तोंड दाखवायला जागा उरत नाही. म्हणून तिच्यावरचा राग तो अकमतवर काढायचा.

वहिनीचा बाप घाटातल्या हिमलोट चौकीवर होता. रस्त्यावर कुठला कडा कधी कोसळेल ते आधी सांगायचं, हे त्याचं काम. मुली बाहुल्या मांडतात त्या वयात ही बर्फाच्या भिंतीपुढे उभी राहून थरांत हात खुपसायची. मूठ शिरली तर थर अगदी पोकळ. मूठ नाही तर चार बोटं, नाहीतर एक बोट, नाहीतर पेन्सिल, आणि तीही शिरली नाही तर सुरी. घट्ट थर खाली आणि पोकळ वर असेल तर पुढे जावं. उलटं असेल तर घरी जावं.

हिमलोटाला आमच्या भाषेत कोच्कू म्हणतात. चौकीवरच्या घरात हा शब्द मिठासारखा रोजचा. पण सासरी आली आणि पहिल्याच आठवड्यात चहा ओतताना ती म्हणाली, "त्या वरच्या उतारावर कोच्कू येईल." आपाने, म्हणजे आमच्या आईने, ओल्या फडक्याचा सणसणीत फटका तिच्या तोंडावर दिला.

"थोरल्या दिराचं नाव घेतेस?"

"नाव कुठे घेतलं आपा? मी तर कोच्—"

दुसरा फटका.

आमच्यात सून नवऱ्याच्या थोरल्यांची नावं घेत नाही, आणि नावाशी जुळणारा शब्दही तोंडातून काढत नाही. माझा भाऊ उन्हाळी कुरणाकडे बिऱ्हाड चाललं असताना वाटेत जन्मला, आणि बिऱ्हाड हलवलेल्याला आमच्यात कोच्कोन म्हणतात, म्हणून कोच्कोनबाय. तेवढ्यावरून वहिनीचा शब्द गेला. मग तिने नवा काढला. हिमलोटाला ती 'पांढरी' म्हणू लागली. "पांढरी आली", "पांढरी सुटेल". अकमतदादाला कळायचं, मला कळायचं, चुलीपाशी बसणाऱ्या सगळ्या बायकांना कळायचं. एकाच माणसाला कळत नव्हतं, कारण सुनांची ही भाषा असतेच मुळी त्या माणसाच्या कानाआड बोलायला. त्याच्यासमोर ती "वरचं सगळं खाली येईल" असं लांबण लावून बोलायची.

आणि एका शरद ऋतूत दादाने एक पांढरी घोडी आणली.

घोडी चांगली होती, ते मीही म्हणते. दादा बर्फ तिच्या टापांवरून ओळखायचा. टाप रुतली की माघारी, टाप वाजली की पुढे. इतकी वर्षं हीच रीत, आणि ती फारशी चुकली नव्हती. आधीची काळी घोडी असंच सांगून सांगून म्हातारी झाली.

आता त्या दिवसाचं.

वसंतात आमच्याकडे थंडी एकदा माघारी येते, तिला 'पाच पाहुणे' म्हणतात. उगवत्या कोंबांना चापट मारायला येते आणि जाते. त्या वर्षी पाहुण्यांनी बर्फही आणला, वारंही आणलं, आणि आदल्या दिवशी उठून गेले. आभाळ निळंशार झालं. अल्माटीहून स्कीवाले यायचे होते. दादाने त्यांना फोनवर छातीठोक सांगितलं होतं की तुम्हाला 'काल्पाक'वर नेतो. काल्पाक म्हणजे आमच्या गावावरचा टोपीसारखा डोंगर. त्याचा पूर्वेचा उतार एकदम सपाट आणि उभा, वरपासून खालपर्यंत एकही झाड नाही. झाड का नाही, हे वहिनी मला पहिल्याच वर्षी म्हणाली होती: "वाढू देत नाही कोणीतरी."

तो उतार पाहुण्यांआधी बघून यावा म्हणून आम्ही चौघं निघालो. घोडीचा नाल बसवण्यात सकाळ गेली, त्यामुळे निघेपर्यंत ऊन काल्पाकच्या कपाळावर आलेलं. नदीकाठच्या बर्फावर घोडीच्या टापा दगडावर पडाव्यात तशा वाजत होत्या. शेवटच्या देवदारांपाशी घोडे बांधले, चढताना घसरू नये म्हणून स्कीच्या तळाला केसाळ पट्ट्या चिकटवल्या, गाडलेला माणूस हुडकायची छातीवरची शोधयंत्रं चालू केली आणि खडकाच्या सोंडेवरून वर चढलो. ती सोंड उताराच्या कडेने जाते. तिच्यावर काही येत नाही.

वहिनीने सोंडेला लागूनच खड्डा घेतला. दादा दात कोरत उभा.

"झालं का सूनबाई? की विहीर पाडायची आहे?"

"या भाऊजी, तुम्हीच हात घाला."

"माझा हात मोठा आहे. डोंगर फाटायचा."

ती थर दाखवत गेली. वरचा थर वाऱ्याने ठोकून बसवलेला, पेन्सिल जेमतेम शिरते. त्याखाली तिने मूठ टेकवली, आणि मूठ मनगटापर्यंत आत गेली. बाहेर काढली तेव्हा बोटांतून पाणी गळत होतं आणि तळहातावर साबुदाण्यासारखे ओले दाणे. त्याच्याही खाली जुना बर्फ. त्याच्यावर सुरी टणकन वाजली.

"वर फळी, मधे ओले मणी, खाली काच," ती म्हणाली. "आज नाही जायचं."

"पाच पाहुणे येऊन गेले, पोरी. सगळं गोठलंय. टापा ऐकल्या नाहीस?"

"टापा नदीकाठी वाजल्या. थंडी रात्री खाली उतरून नदीकाठी झोपते, वर कोण होतं? आणि तुमचे पाहुणे येताना दुलई घेऊन आले. जुनं भिजलेलं होतं त्याच्यावर अंथरली. खालचं उबेत राहिलं, गोठलं कुठे? ऊन आता दुलईतून खाली चाललंय. वरचं सगळं खाली येईल."

"माझा बाप पाहुण्यांनंतर या डोंगरावर मेंढरं न्यायचा."

"मेंढरं पश्चिमेने न्यायचा. आपांनी सांगितलंय मला."

दादाचा चेहरा तांबडा झाला. त्याने पाय उचलला आणि खड्ड्याच्या भिंतीला अशी लाथ घातली की फळीचा तुकडा वहिनीच्या मांडीवर कोसळला.

"दादा," अकमत म्हणाला, "ती म्हणते त्यात—"

त्याचं वाक्य तोंडात राहिलं. उलट्या हाताची थप्पड नाकावर बसली, रक्ताची चिळकांडी बर्फावर. अकमतदादाने आयुष्यभर अशा थपडा खाल्ल्या आणि पुसल्या. त्या दिवशी पुसली नाही. त्याने डोकं खाली घातलं आणि रेड्यासारखा थोरल्याच्या पोटात घुसला. दोघं स्की घालूनच पडले. स्कींचा तिढा झाला, काठ्या मोडल्या. वर कोण आणि खाली कोण कळेना. थोरल्याने धाकट्याचा कान दातात धरला. मी "सोड! सोड रे, कुत्र्या!" म्हणत त्याचे केस ओढले. वहिनीने वेळ घालवला नाही. फावडं उचललं आणि थोरल्या दिराच्या खांद्यावर पात्याच्या चपट्या बाजूने दिलं.

कान सुटला.

दादा उठून उभा राहिला. सुनेने मारलं. दिराला. त्याने फावडं तिच्या हातून हिसकलं, गरगर फिरवलं आणि घळीत भिरकावलं. कडक बर्फावरून ते खणखणत किती तरी वेळ जात राहिलं.

"आता खण नखांनी," तो म्हणाला. "मी वर जातोय. खाली उतरलो की उद्या पाहुणे इथे येतील, तू घरी बसून बोरसोकच्या पुऱ्या तळशील, आणि पुन्हा या डोंगरावर तुझं तोंड उघडणार नाही. कबूल?"

"आणि नाही उतरलात तर?"

"तर तू म्हणशील ते."

"तुम्ही नसताना ऐकणार कोण, भाऊजी?"

तो गेला. उतार आडवा कापत, वर वर. अकमतने नाकात बर्फ कोंबला आणि स्की घट्ट केल्या.

"कुठे?" वहिनी म्हणाली.

"तो एकटा आहे."

"एकटा नाही, मूर्ख आहे."

"मूर्ख असला तरी माझा आहे."

तिने त्याची कॉलर धरली आणि दुसऱ्या हाताने त्याच्या तोंडात मारली. मग ती म्हणाली, "कडेने जा. खडक सोडू नकोस. खडकाला हात लागेल इतकाच लांब राहा. शपथ घे." त्याने शपथ घेतली आणि गेला.

आम्ही दोघी सोंडेवर उभ्या. दादा आता उताराच्या मध्यावर, भिंतीवरच्या माशीएवढा. वरच्या कड्याखाली ऊन लागलं होतं. तिथून बर्फाचा एक गोळा आपोआप सुटला, घरंगळत गुंडाळत चाकाएवढा झाला आणि दादाच्या पुढून गेला. मग दुसरा. मग चार-पाच एकदम. वहिनीने माझा दंड धरला. तिची नखं जाकिटातून लागली मला.

मी आवाज ऐकला नाही. पायांना कळलं. उतार एकदा दबला, खाट मोडते तसा. कड्याखाली निळी रेघ उमटली आणि डावीकडे धावत सुटली.

"पांढरी सुटली!" वहिनी किंचाळली. "भाऊजी! पांढरी सुटली! पांढरी!"

अकमतने वर पाहिलंसुद्धा नाही. बायकोचा शब्द कानावर पडला त्याच क्षणी त्याने स्की वळवल्या आणि खडकावर झेप घेतली.

आणि कोच्कोनबायदादा थांबला. थांबला, वळला, कपाळावर आडवा हात धरून खाली देवदारांकडे बघू लागला. मागच्याच आठवड्यात घोडीने दोर तोडला होता. त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि तिच्यासाठी शीळ घातली. त्याच्या पाठीमागे, वर, अख्खा डोंगर फळ्याफळ्यांनी फुटत होता आणि तो घोडीला शीळ घालत होता.

"दादा, कोच्कू!" मी ओरडले. "कोच्कू!"

त्याने मान फिरवली. तेवढंच. फळी त्याच्या पायाखाली तुटली, एक तुकडा उभा राहिला, दादा त्याच्या पोटात गेला. हात दिसला. स्की दिसली. मग नुसता लोंढा, ओल्या सिमेंटसारखा जड, दगड आणि झुडपं चावत, घोंघावत. तळाशी जाऊन तो एकावर एक चढला, दाटला, आणि गच्च थांबला. कणीही हलेना.

अर्धा उतार गेला होता. उजवा अर्धा तसाच वर लटकत होता.

आम्ही उतरलो नाही, पडलो. वहिनी यंत्र हातात धरून ढेकळांवरून चार पायांवर धावत होती. यंत्राची टिकटिक लांब लांब, मग जवळ, मग सलग. तिने पाठीवरची लांब सळई काढून बर्फात खुपसली. पुन्हा. पुन्हा. मग सळई मऊ कशाला तरी लागली.

"इथे!"

अकमतचं आणि माझं अशी दोनच फावडी. तिसरं घळीत. ओला बर्फ थांबला की दगड होतो. पातं मारलं की हाताला झिणझिण्या येत. वहिनी दोघांच्या मधे घुसून नखांनी, कोपरांनी, स्कीच्या टोकाने फोडत होती. आधी टोपी आली, मग केस. मग तोंड. निळं होतं आणि बर्फाने ठासलेलं. तिने दोन बोटं आत घालून बर्फ ओढून काढला, पुन्हा घातली, पुन्हा काढला. श्वास नाही. तिने त्याच्या गालावर मूठ मारली. छातीवर मारली.

"उठा! उठ! ए रेड्या! गाढवाच्या लेका! मोडक्या नाकाच्या! बोकड्या! घोडीच्या नवऱ्या!" खोऱ्यात असेल नसेल ती शिवी तिने त्याला घातली. प्रत्येक शिवीला एक गुद्दा.

"नावाने हाक मार त्याला, नावाने!" मी रडत म्हटलं.

"मेल्या लांडग्या! ऊठ!" आणि अजून एक गुद्दा.

त्याने तिचं बोट चावलं.

मग खोकला, मग ओकारी, मग श्वास, फाटलेल्या भात्यासारखा. तिने बोट काढून घेतलं, रक्ताळलेलं, आणि तशीच खाली बसली. अकमतदादा तोंड फिरवून हुंदके देत होता आणि त्याच्या चावलेल्या कानातून थेंब टपकत होते.

बाकीचं अंग काढलं तेव्हा उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या बाजूला वळलेला. दादाने तो पाहिला, डोळे मिटले आणि पहिला शब्द बोलला.

"घोडी?"

"झाडाला बांधलेली आहे," मी म्हटलं. "गवत खातेय."

"सुटली नव्हती?"

"नाही."

"मग ही का ओरडली?"

अकमतदादा म्हणाला, "ती त्याला पांढरी म्हणते, दादा. वरून येतं त्याला."

"त्याला कोच्कू म्हणतात."

"तिला म्हणता येत नाही."

"का?" त्याने विचारलं. मग त्याचं त्यालाच उमगलं. मोडक्या पायाचा माणूस इतका खदखदून हसलेला मी पाहिला नव्हता. हसता हसता कळ आली, आणि त्याने आईवरून एक अशी शिवी दिली की आपाने ऐकली असती तर दुसराही पाय मोडला असता.

"हसू नका," वहिनी उठली. "वरचा उरलेला अर्धा याच जागी येणार. सोंडेपलीकडे ओढून न्यायचंय."

दोन स्की दोरीने एकत्र बांधल्या, त्यावर जाकीट, त्यावर दादा. दोरी अकमतच्या आणि माझ्या खांद्याला. सोंडेवर उभं राहून वर नजर कोणीतरी ठेवायची. ते काम तिचंच.

ती निघाली तसं दादाने तिच्या बुटाची पट्टी धरली.

"या वेळी काय ओरडशील?"

तिने रक्ताळलेलं बोट बर्फात पुसलं.

"माझं नाव घे. आख्खं घे."

"आपा घराबाहेर काढतील."

"काढू दे. मला मारलंस, शिव्या घातल्यास, बोटं घशात घातलीस. आता नावाचं काय सोवळं?"

तिने पाय सोडवून घेतला आणि सोंडेवर गेली.

आम्ही ओढू लागलो. ढेकळांत स्की अडायच्या, दादा गुरासारखा ओरडायचा, अकमत म्हणायचा, "अजून ओरड, म्हणजे जिवंत आहेस ते कळतं." दोरी खांद्यात रुतत होती. खडकाची सावली अगदी समोर दिसत होती. आणि सोंडेवरून आवाज आला. आपाच्या फटक्यापासून आत दाबून ठेवलेला तो शब्द असा बाहेर पडला की पलीकडच्या डोंगराने तो परत केला.

"कोच्कू!"

"ओ!" दादा म्हणाला. सवयीने.

"तुला नाही हाक मारली, गाढवा!" अकमत ओरडला, आणि आम्ही दोघांनी दोरी हाताला गुंडाळून अंग झोकून दिलं. खडकाच्या कोपऱ्यावर स्की आपटल्या, दादा उलटा पडला, मी त्याच्यावर, अकमत माझ्यावर. मागे काळोख घोंघावत गेला. ओल्या बर्फाच्या शिंतोड्यांनी तिघांचीही तोंडं बुजली.

थांबलं तेव्हा आम्ही डोकी वर काढली. आमच्या स्कींचा माग खडकापर्यंत येऊन तुटला होता. दादाला जिथून काढलं तो खड्डा उरलाच नव्हता.

वहिनी सोंडेवरून धापा टाकत खाली आली. आधी अकमतचा कान पाहिला, मग मला चाचपलं, मग दिरासमोर उभी राहिली.

"अर्धंच घेतलंस नाव," दादा म्हणाला.

"बाकीचं घ्यायला वेळ कुठे होता, भाऊजी?"

दादाने पडल्या पडल्या हाताला लागलेलं ढेकूळ उचललं आणि तिच्यावर भिरकावलं. नेम चुकला. तिने दोरी खांद्याला लावली.